औषधाचा गुण कुणाला येईल?



आपल्या चाळीत, वस्तीत एक बोलणे हमखास कानावर येते. 'अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे.' किंवा, 'तिला त्याच गोळ्यांनी दोन महिन्यांत उतार पडला, मला वर्ष झाले तरी फरक नाही. माझे नशीबच तसले!' ताप-खोकल्याच्या बाबतीत हे बोलणे तिथेच विरून जाते. पण आजार वर्षानुवर्षांचा असेल, औषध महाग असेल आणि उशीर झाला तर डोळे जाण्याची भीती असेल, तर 'नशीब' म्हणून गप्प बसणे परवडत नाही. तथागतांनी आपल्याला कार्यकारणाचा नियम दिला. एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही, यालाही कारण असलेच पाहिजे. ते कारण औषध सुरू करण्याआधी ओळखता येईल का? आज आपण हा प्रश्न एका विशिष्ट आजाराबाबत पाहू. तो आजार म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची गाठ.

या ग्रंथीला डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली, हाडाच्या एका लहानशा खोबणीत ती बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण मुलांची वाढ, बाईची पाळी, बाळंतिणीचे दूध, पुरुषाची ताकद, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम या सगळ्यांवर तिची देखरेख असते. त्यासाठी ती रक्तात निरनिराळी संप्रेरके म्हणजे हार्मोन सोडते. कधी कधी या ग्रंथीत गाठ होते. 'मेंदूजवळ गाठ' म्हटले की घरात रडारड सुरू होते. पण या गाठी बहुधा कॅन्सरच्या नसतात. त्यांचा त्रास दोन तऱ्हेचा. काही गाठी एखादे हार्मोन बेसुमार तयार करतात. आणि गाठ मोठी झाली की ती वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसांवर दाब आणते, दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होत जाते.

हार्मोन सोडणाऱ्या गाठींत सर्वांत जास्त आढळते ती प्रोलॅक्टिनची गाठ. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे हार्मोन. ते वाढले की बाळंतपण नसताना स्तनातून दूध येते, पाळी लांबते किंवा बंद होते, दिवस राहत नाहीत. अशा किती लेकी-सुनांना 'वांझ' म्हणून हिणवले गेले असेल, किती जणींना देवऋषीच्या दारात नेऊन अंगारा लावला असेल, याची मोजदाद नाही. पुरुषालाही हा आजार होतो. त्याची इच्छा मंदावते, डोके दुखते, नजर कमी होते. लाजेपायी तो बोलत नाही आणि डॉक्टरकडे पोहोचतो तेव्हा गाठ बरीच मोठी झालेली असते.

दुसरी गाठ वाढीच्या हार्मोनची. लहानपणी झाली तर मूल अवाढव्य उंच होते. मोठेपणी झाली तर उंची वाढत नाही, पण हात-पाय आणि चेहरा रुंद होत जातो. बोटातली अंगठी निघेनाशी होते, चाळिशीत चपलेचा नंबर वाढतो, खालचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, घाम फार येतो, घोरणे वाढते. साखर आणि रक्तदाब चढतो. हे इतके हळूहळू घडते की रोज पाहणाऱ्या घरच्यांना कळत नाही. जुना लग्नातला फोटो शेजारी ठेवला की मग फरक दिसतो. तिसरी गाठ कॉर्टिसॉल वाढवणारी. तिचा मुख्य इलाज शस्त्रक्रिया आहे. आज आपण पहिल्या दोन गाठींपुरते बोलू.

रक्तात हार्मोन इतके अल्प असते की पूर्वी ते मोजताच येत नसे. हे मोजण्याची वाट ज्या बाईने दाखवली तिचे नाव आपल्या मुलींना माहीत असावे. रोझलिन यालो. जन्म १९२१, न्यूयॉर्कमधील साध्या ज्यू कुटुंबात. आई-वडील दोघांनीही हायस्कूल पाहिले नव्हते. बाई आणि त्यातून ज्यू, म्हणून उच्च शिक्षणाची दारे तिला सहज उघडली नाहीत. काही काळ तिने एका शास्त्रज्ञाकडे सेक्रेटरीचे काम पत्करले. पुढे ती पदार्थविज्ञानात डॉक्टरेट झाली. ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या इस्पितळात तिने आपली पहिली प्रयोगशाळा थाटली ती झाडलोटीचे सामान ठेवण्याच्या खोलीत. तिथे डॉ. सॉलोमन बर्सन यांच्यासोबत तिने किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने हार्मोन मोजण्याची पद्धत शोधली आणि दोघांनी तिचे पेटंट घेतले नाही. १९७७ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा वाटा गिलमां आणि शॅली या मेंदूतील हार्मोनवर काम करणाऱ्या दोघांना मिळाला. त्यांपैकी गिलमां यांच्या प्रयोगशाळेने १९७३ साली सोमॅटोस्टॅटिन शोधले होते. वाढीच्या हार्मोनला लगाम घालणारा हा पदार्थ. त्याचे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. मोजमाप आल्यावरच 'औषध लागू पडले' ही गोष्ट आकड्यात सांगता येऊ लागली.

आता मूळ प्रश्न. एकच औषध, एकच आजार, मग गुण वेगळा का?

गाठीतल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर लहान लहान कुलपे असतात असे समजा. औषध म्हणजे किल्ली. कुलूप भरपूर असेल आणि धड असेल तर किल्ली फिरते, पेशी हार्मोन सोडायचे थांबवते. कुलपे थोडी असतील किंवा आतली कळ बिघडलेली असेल, तर किल्ली कितीही महागाची असो, दार जागचे हलत नाही. म्हणजे गुण डॉक्टरच्या हातात नसतो आणि रुग्णाच्या कपाळावरही लिहिलेला नसतो. तो पुष्कळसा गाठीच्या पेशीत असतो. ती पेशी कोणत्या जातकुळीची, हे ओळखणे म्हणजेच औषधाचा अंदाज बांधणे.

प्रोलॅक्टिनच्या गाठीला मेंदूतील डोपामिन हा पदार्थ नैसर्गिक लगाम घालतो. डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्या म्हणजे ब्रोमोक्रिप्टिन आणि कॅबरगोलिन. पहिली रोज घ्यावी लागते, दुसरी आठवड्यातून एक-दोन वेळा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत प्रोलॅक्टिन वाढून पाळी बंद झालेल्या ४५९ स्त्रिया होत्या. कॅबरगोलिन घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के स्त्रियांचे प्रोलॅक्टिन ताळ्यावर आले, ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के स्त्रियांचे. त्रास सहन न होऊन औषध सोडणाऱ्या पहिल्या गटात ३ टक्के, दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणूनच मेंदूजवळची गाठ असूनही इथे बहुतेकांना चाकू लागत नाही, गोळी पुरते. मोठी गाठसुद्धा आकसते आणि दबलेली नजर काही दिवसांत-आठवड्यांत सुधारू लागते.

मग गोळी कमी लागू पडण्याची शक्यता कुणाला? गाठ फार मोठी असेल, बाजूच्या रक्तवाहिन्यांच्या पोकळीत शिरलेली असेल, तिच्यात पाण्याच्या पिशव्या असतील, किंवा रुग्ण पुरुष असेल, तर अडचण जास्त संभवते. पण याचा अर्थ त्यांना गोळी देऊच नये असा मुळीच नाही. त्यांच्यावर लक्ष जास्त ठेवावे, एवढाच. पहिल्या तीन महिन्यांत प्रोलॅक्टिन किती खाली आले आणि गाठ किती आकसली, हा पुढच्या वाटचालीचा चांगला दाखला असतो.

एक गोष्ट मात्र आधी पाहिली पाहिजे: निदान बरोबर आहे का? गरोदरपणात प्रोलॅक्टिन वाढतेच. थायरॉईड मंद असेल तरी वाढते. उलटीवरच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही वाढते. अशा वेळी गाठीचे औषध काय गुण देणार? म्हणून आपण घेतो ती प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. मात्र मानसिक आजाराची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उलट, गाठ फार मोठी असून प्रोलॅक्टिन थोडेच वाढलेले दिसत असेल तर यंत्र फसलेले असू शकते. हार्मोन इतके जास्त असते की तपासणीचे रसायन पुरे पडत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त पातळ करून पुन्हा मोजले की खरा आकडा कळतो. ही साधी तपासणी राहून गेली तर गोळीने बरा होणारा माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो.

आता वाढीच्या हार्मोनची गाठ. इथे पहिला इलाज बहुधा नाकातून केलेली शस्त्रक्रिया. गाठ पूर्ण निघाली नाही तर औषध. वर सांगितलेल्या सोमॅटोस्टॅटिनच्या नकला, म्हणजे ऑक्ट्रिओटाईड आणि लॅनरिओटाईड, साधारण महिन्याला एक अशा इंजेक्शनने देतात. कित्येक कष्टकरी घरांच्या महिन्याच्या कमाईएवढी रक्कम एका सुईत जाते. आणि गुण? साधारण निम्म्या रुग्णांत आयजीएफ-१ हा रक्तातला निर्देशक ताळ्यावर येतो, बाकीच्यांत पुरता येत नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून सहा महिने सुया घ्यायच्या आणि मग कळायचे की आपण दुसऱ्या निम्म्यात आहोत! या जागी आधी अंदाज येणे किती मोलाचे आहे, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

असा अंदाज देणाऱ्या खुणा डॉक्टरांना आता ठाऊक झाल्या आहेत. पहिली खूण एमआरआयमध्ये. टी-टू नावाच्या चित्रात गाठ काळसर दिसली तर इंजेक्शन लागू पडण्याची शक्यता जास्त, उजळ दिसली तर कमी. दुसरी खूण काढलेल्या गाठीच्या तुकड्यात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत हार्मोनचे कण दाट दिसले तर गुणाची आशा जास्त, विरळ दिसले तर कमी. त्याच तुकड्यावर कुलपे किती आहेत हेही खास रंग वापरून पाहता येते. तिसरी खूण वयाची. उतारवयातल्या गाठी बहुधा नरम वागतात, तरुणपणीच्या हट्टी असतात. चौथी, औषधाआधी हार्मोनची पातळी जितकी कमी, तितके ते ताळ्यावर येणे सोपे. आणि पाचवी खूण घराण्याची.

या पाचव्या खुणेमागे एका गरीब तरुणाची कहाणी आहे. चार्ल्स बर्न हा १७६१ साली आयर्लंडच्या उत्तर भागात जन्मला. त्याची उंची साडेसात फुटांवर गेली. पोटासाठी तो लंडनला आला आणि लोक पैसे देऊन त्याला पाहू लागले. १७८३ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो वारला. आपले शरीर चिरफाडीला मिळू नये, समुद्रात सोडावे, अशी त्याची इच्छा होती. पण जॉन हंटर या नामांकित शल्यवैद्याने पैसे चारून मृतदेह मिळवला आणि सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे संग्रहालयात काचेआड उभा राहिला. १९०९ साली हार्वे कुशिंग यांनी त्याची कवटी पाहिली तेव्हा पीयूषिकेची खोबण मोठी झालेली आढळली. २०११ साली त्याच्या दातांतील जनुके तपासली गेली. एआयपी नावाच्या जनुकात दोष सापडला. आजही उत्तर आयर्लंडच्या काही कुटुंबांत तोच दोष आहे. असा दोष असलेल्यांच्या गाठी कमी वयात होतात, मोठ्या होतात आणि नेहमीच्या इंजेक्शनला कमी दाद देतात. दोष असलेल्या सगळ्यांनाच गाठ होते असे मात्र नाही. २०२३ साली ते संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता, पण समुद्र त्याला अजून मिळालेला नाही. ज्याच्या शरीराने शास्त्राला एवढे दिले, त्याला माणूस म्हणून विचारले गेले नाही. माणसाच्या प्रतिष्ठेसाठी लढणाऱ्या समाजाने ही गोष्ट विसरू नये. ज्ञान हवे, पण रुग्णाला विचारून, त्याला समजावून मिळवलेले.

या खुणांचा खरोखर उपयोग होतो का? स्पेनमधील डॉक्टरांनी ८५ रुग्णांवर हे पाहिले आणि २०२४ साली निष्कर्ष जाहीर केले. एका गटाला नेहमीच्या रीतीने, एक औषध देऊन पाहा, नाही लागले तर दुसरे, असे उपचार दिले. दुसऱ्या गटात आधी खुणा वाचून औषध निवडले. पहिल्या गटात ५३ टक्क्यांचे हार्मोन ताळ्यावर आले, दुसऱ्या गटात ७८ टक्क्यांचे, आणि तेही लवकर.

कुणी म्हणेल, मग हे भविष्यच झाले की! नाही. ज्योतिषी सांगतो ते मोजता येत नाही, आणि चुकले तर दोष ग्रहाचा किंवा आपल्या पापाचा. डॉक्टरांचा अंदाज 'शंभरात इतक्यांना' असे सांगतो, तीन महिन्यांनी रक्त तपासून स्वतःचीच परीक्षा घेतो आणि चुकला तर औषध बदलतो. शिवाय टक्केवारी घोळक्याची असते. गाठ उजळ दिसली म्हणून कुणा एकाला गुण येणारच नाही असे ठरत नाही. 'तुम्हाला उपयोग नाही' म्हणून गरिबाला परत पाठवण्यासाठी तर हे शास्त्र नाहीच. एक किल्ली लागली नाही तर दुसरी असते. हार्मोन थोडेच वाढलेले राहिले असेल तर, या गाठीतही, कॅबरगोलिनची गोळी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुरते, आणि ती इंजेक्शनच्या मानाने फारच स्वस्त आहे. पॅसिरिओटाईड हे जास्त जोरकस इंजेक्शन आहे, पण ते साखर वाढवते. मधुमेह्याने हे विचारलेच पाहिजे. पेगव्हिसोमंट गाठीला हात न लावता वाढीच्या हार्मोनचे काम अडवते. गरजेनुसार पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार असतात.

तेव्हा अशा आजाराचा माणूस घरात असेल तर पुढील गोष्टी कराव्यात.

१) डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा: 'हे औषध यांना लागू पडेल असे कशावरून वाटते? एमआरआयमध्ये आणि गाठीच्या रिपोर्टमध्ये काय दिसले? लागले की नाही हे कधी आणि कोणत्या तपासणीवरून ठरवायचे?' विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

२) प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावून एका फाईलमध्ये ठेवा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडीसुद्धा. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. तो कुठे आहे हे विचारून ठेवा. त्यावर पुढेही तपासणी करता येते.

३) कुटुंबात आणखी कुणाला अशी गाठ झाली असेल, किंवा एखादे मूल भराभर उंच होत असेल, तर लपवू नका. हा कलंक नाही.

४) बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नका. २००३ साली इटलीतील एका अभ्यासात प्रोलॅक्टिन ताळ्यावर आलेल्या आणि गाठ नाहीशी किंवा बरीच लहान झालेल्या निवडक रुग्णांची कॅबरगोलिन बंद केली. लहान गाठ होती त्यांच्यातील ३० टक्के आणि मोठी होती त्यांच्यातील ३६ टक्के रुग्णांत प्रोलॅक्टिन पुन्हा वाढले. एमआरआयमध्ये गाठीचा अंश उरला होता त्यांच्यात हे जास्त घडले. म्हणजे गोळी कधी थांबवायची याचाही अंदाज बांधता येतो, पण तो डॉक्टरांनी. दिवस राहिले तर मात्र लगेच कळवा.

५) कॅबरगोलिनने सुरुवातीला मळमळ, चक्कर येते. डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. क्वचित माणसाला जुगार, उधळेपणा असा न आवरणारा नाद लागतो. घरच्यांनी भांडण्याऐवजी हे डॉक्टरांना सांगावे.

६) एकाएकी डोके फुटेल असे दुखणे, उलट्या, दिसेनासे होणे, असे झाले तर रात्र काढू नका, तडक मोठ्या इस्पितळात जा.

खर्चाचे काय? मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयासारख्या सार्वजनिक इस्पितळात हार्मोनच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला कोणता उपचार बसतो ते इस्पितळातील आरोग्यमित्राला विचारावे. कारखान्यातील कामगाराने आपले ई.एस.आय. कार्ड पुढे करावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणारा अदारकर अहवाल १९४४ साली त्याच काळात आला आणि १९४८ साली कायदा झाला. तेव्हा ई.एस.आय.च्या रांगेत उभे राहताना कुणापुढे लाचार झाल्यासारखे वाटून घेऊ नये.

पाळी थांबलेली सून, अंगठी रुतलेला बाप, नजर अधू होत चाललेला तरुण, यांपैकी कुणी आपल्या ओळखीत असेल तर हा अंक त्यांच्या हाती द्या. एका रक्ताच्या तपासणीपासून सुरुवात होते. तेवढ्यासाठी तरी त्यांना या आठवड्यात डॉक्टरकडे घेऊन जा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.